गाडीचा विसार

उमुओजी, न्नेवीजवळ
१४ नोव्हेंबर २०१७

दिली भावजी,

फोन न करता पत्र का, असं वाटेल तुम्हाला. माझा फोन आणि ह्यांचे दोन्ही फोन थोरल्या दिरांनी, मझी ओबिएफुनांनी, काढून ठेवले आहेत. "दुखवट्यातल्या बाईनं फोनवर हसू-बोलू नये," म्हणे. जणू मला हसू आवरत नव्हतं. न्नेवीहून लागोसला बस नेणारा सिल्वानस माझ्या माहेरचा आहे. पत्र तोच आणील, उत्तर त्याच्याच हाती द्या.

दफनाच्या दिवशी तुम्ही खड्ड्याशी उभे राहून लहान पोरासारखे रडलात. मी पाहिलं, पण बोलता आलं नाही. आता कामाचंच लिहिते. डोकं भादरून झालं, काळं नेसून अंगणात बसले आहे, आणि पुढचं वर्षभर कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. न्वाकाएगो एनुगूला माझ्या बहिणीकडे आहे. तुम्हाला माहीत आहे, पोरीच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही. डॉक्टर म्हणतात, अकरावं सरतंय, बारावं सरायच्या आत ऑपरेशन व्हायलाच हवं. परदेशी सर्जन तिथे वर्षातून दोनदा येतात, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. खर्च पन्नास लाख नायरा.

बँकेत होतं ते दफनाच्या मांडवात, गाईत आणि बँडवाल्यात गेलं. उरली ती गाडी. हे सारखे म्हणायचे, "उझोमा, ही गाडी म्हणजे पोरीचं ऑपरेशन. बँकेत पैसा सडतो, लागोसमध्ये गाडी सडत नाही." रस्त्यावर चालणाऱ्या दोन बस विकून घेतली होती, सव्वाचार कोटीला, तुमच्याच बाजारातून. वर्षही पुरतं वापरली नाही. तेव्हा विका आणि फेब्रुवारीच्या आत पैसे द्या. बाकीचे तुमच्याकडे ठेवा, हळूहळू मागून घेईन.

उझोमा

*

लागोस
२२ नोव्हेंबर २०१७

उझोमा वहिनी,

तुमचं पत्र वाचलं आणि दुकान बंद करून घरी गेलो. जिदेओफोर गेला हे अजून माझ्या जिभेला पटत नाही, कालच कुणाला तरी म्हणालो, "थांब, जिदेला विचारतो."

गाडीला गिऱ्हाईक आहे. एक गृहस्थ पुढच्या निवडणुकीत तिकीट मागतायत. लोकांनी वाकून नमस्कार करावा अशी गाडी त्यांना नाताळच्या आत हवी आहे. अडीच कोटी देतो म्हणाले. वहिनी, विचार करत बसू नका, द्या. हा माणूस पुन्हा मिळणार नाही. किल्ली आणि कागद सिल्वानसबरोबर पाठवा, मी माणूस पाठवून गाडी नेतो.

पाकिटात वीस हजार ठेवले आहेत. पोरीला फळंबिळं घ्या.

तुमचा,
दिली

*

उमुओजी
१० डिसेंबर २०१७

दिली भावजी,

वीस हजार परत पाठवते आहे. राग नाही, पण ज्या बाईचा नवरा मातीखाली जाऊन जेमतेम महिना झाला तिनं परपुरुषाचे पैसे घेतले, ही बातमी ह्या गावात भाकरी भाजायच्या आत चार घरं फिरते. मला भीक नको. गाडी विका म्हटलं होतं.

आणि काय हो, सव्वाचारची गाडी अडीचला? मी शाळेत विज्ञान शिकवते, पण गणितही येतं मला. शेजारच्या क्रिस्टोफरनं त्याच वर्षी चाळीस लाखांना जुनी टोयोटा घेतली. परवा त्याला तिचे पंचावन्न मिळत होते. त्याची पत्र्याची पेटी वर चढते आणि आमचा राजवाडा खाली येतो? तुम्ही मलाही गिऱ्हाईकच समजता की काय?

तरीही मी भावकीपुढे शब्द टाकला. पोरीचा जीव आहे, अडीच तर अडीच. रविवारी सगळे आमच्या अंगणात बसले. मी म्हटलं, "गाडी विकू द्या. फेब्रुवारीत पोरीचं ऑपरेशन आहे."

मझी म्हणाले, "आमची बायको, माणूस जाऊन दोन महिने नाहीत, आणि त्याचं आसन बाजारात?" इथे मला सगळेच 'आमची बायको' म्हणतात. लग्न एकाशी, सून सगळ्या भावकीची.

"पोरीच्या हाती वर्ष नाही, मझी."

"पोरगी आमचीही आहे. पण वर्ष होईपर्यंत मेलेल्याची वस्तू हलत नाही. उद्या कुणी मामा-मावसा येऊन गाडी घेऊन गेला, की तूच आमच्या नावानं बोटं मोडशील. ही रीत पोराबाळांचं राखायलाच आहे."

ते खोटं बोलत नव्हते, हीच अडचण आहे. दोन घरं पलीकडच्या विधवेचं सगळं तिच्या भावांनी लुबाडलं, मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि दफनानंतर चौथ्या दिवशी मी स्वतः शपथ घेतली आहे. ह्यांच्या खुर्चीवर हात ठेवून, सगळ्यांसमक्ष: नवऱ्याची कुठलीही वस्तू, तिचा कुठलाही पैसा भावकीपासून लपवला, तर ते माझ्या पोटच्या पोरावर येवो. किल्ली आता मझींकडे आहे.

तुमच्या गृहस्थांना थांबवा.

उझोमा

*

लागोस
८ जानेवारी २०१८

वहिनी,

ते गृहस्थ थांबले नाहीत. त्यांनी दुसऱ्याची घेतली, तशीच काळी.

तुम्ही विचारलंत, टोयोटा चढते आणि ही का पडते. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर हसून चहा पाजला असता. तुम्हाला सांगतो.

टोयोटा बिघडली तर झाडाखालचा मेकॅनिक तार बांधून देतो. सुटा भाग बाजारात कांद्यासारखा मिळतो. म्हणून ती मास्तरला हवी, टॅक्सीवाल्याला हवी, पाद्र्याला हवी. नायरा पडला की बाहेरून येणारी महाग होते आणि इथली जुनी तिच्या मागोमाग चढते. तुमची गाडी बिघडली तर आधी कॉम्प्युटर लागतो, मग तो चालवणारा माणूस, आणि अशी माणसं अख्ख्या लागोसमध्ये बोटांवर मोजण्याइतकी. मग भाग जर्मनीहून, डॉलरमध्ये. ती हवेच्या पिशव्यांवर उभी असते, आपल्या रस्त्यांनी एक पिशवी फोडली की त्या पैशात क्रिस्टोफरच्या गाडीचं अर्धं इंजिन येतं. गाडीची किंमत पडते, पण तिचा खर्च पडत नाही. सव्वाचार कोटींच्या गाडीचा खर्च ती एक कोटीची झाली तरी सव्वाचार कोटींचाच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं होऊन बसतं.

मग घेणार कोण? ज्याच्याकडे पैसा आहे तो नवी घेतो. अशी गाडी माणूस पळवायला घेतच नाही, पाचशे घोड्यांचं इंजिन घेऊन आपण खड्ड्यात दुसऱ्या गिअरवर चालतो. माणूस घेतो ती दिसायला. आणि जुनी दिसली, की दाखवायचं काय राहिलं? कंपनी चार वर्षांनी पुढचे दिवे बदलते. त्या दिवशी जुनं तोंड उघडं पडतं. ज्याला जुनी परवडते त्याला तिचं पोट भरणं परवडत नाही. असा हत्ती कुणाच्या दारी उभा राहिला की शेजारी आधी वाकतात, मग मोजतात.

मी स्वतः बारा वर्षांची टोयोटा चालवतो. जिदे तिला 'कोंबड्यांचं खुराडं' म्हणायचा, आठवतं ना?

फेब्रुवारीचं काय करताय?

दिली

*

उमुओजी
२ मार्च २०१८

भावजी,

फेब्रुवारी गेला. सर्जन आले आणि गेले. बहीण म्हणते, नर्सनं यादीतून नाव खोडताना पोरीच्या गालाला हात लावला. पुढचा गट सहा ऑगस्टला.

तुमच्या हत्तीचं ऐका. नाताळात मझींनी गाडी बाहेर काढली. वस्तू हलत नाही म्हणणारे तेच हे. "विकत नाही, भावाचा मान राखतो," म्हणाले. शहरातून आलेल्या सगळ्या पाहुण्यांसमोर ती चर्चच्या दारात उभी. पंपावर रांगा होत्या म्हणून कुणाकडून तरी डब्यातलं पेट्रोल आणून ओतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर गाडीचा मागचा डावा कोपरा जमिनीला टेकलेला, गुडघ्यात गेलेल्या उंटासारखा. मझी म्हणाले, "थंडीनं बसली असेल." आता ताडपत्रीखाली आहे. वर हार्माटनच्या कोरड्या वाऱ्याची लाल धूळ बोटभर.

एक विचारायचं होतं. हे म्हणायचे, "गाडी सडत नाही, हे मला बाजारातल्या जाणत्या माणसानं सांगितलंय." कोण तो जाणता? तुम्हाला ठाऊक असेल. मला त्याला दोन शब्द सांगायचेत.

उझोमा

*

लागोस
२० मार्च २०१८

वहिनी,

बाजारात तर सगळेच तसं म्हणतात. टोयोटा विकणारा म्हणतो, त्याच तोंडानं दुसरं काही विकणाराही म्हणतो. कुणा एकाचं नाव काय सांगू?

मझींना सांगा, बॅटरीची तार सोडून ठेवा, जॅक लावून चारी चाकं उचला, आणि देवाची शपथ घालून सांगा की ती चालू करू नका. नव्या तोंडाची गाडी बंदरात उतरली आहे. आज बसलेल्या गाडीला कुणी कोटभर दिले तर मी त्याच्या पाया पडेन.

दिली

*

उमुओजी
२४ जून २०१८

भावजी,

आता टोमणे मारायचं त्राण नाही, सरळ लिहिते.

पावसानं ताडपत्री फाडली. बॉनेटखाली उंदरांनी घर केलं, मझींचा पुतण्या काठीनं चाळवायला गेला तर तारांची जाळीच हातात आली. चारी चाकं खाली बसली आहेत. शेळ्या टपावर चढून झोपतात. ज्या गाडीच्या काचेला हात लावला म्हणून ह्यांनी एकदा पाहुण्याला सुनावलं होतं, तिच्यावर शेळ्यांच्या लेंड्या. मला त्याचं काही वाटत नाही. पाहून पाहून डोळे मेले.

न्वाकाचे पाय सुजलेत. बहिणीकडे जिना आहे, बावीस पायऱ्या, ती मध्ये दोनदा बसते. शाळा बंद केली. गेल्या आठवड्यात तिनं चिठ्ठी पाठवली, "आई, मी दमत नाही, मी फक्त हळू चालते." डॉक्टरांनी बहिणीला बाजूला नेऊन सांगितलं, सहा ऑगस्ट चुकवू नका, फेब्रुवारीची वाट पाहण्याइतकं हृदय उरलेलं नाही.

मी पुन्हा भावकीपुढे गेले. मझींना खरंच वाईट वाटलं, डोळे पुसले त्यांनी. म्हणाले, "नोव्हेंबर. नोव्हेंबरात मी स्वतः गाडी लोटत नेईन. पण आत्ता मी रीत मोडली, तर उद्या माझं कोण ऐकेल?" वर्गणी काढली. पावणेतीन लाख जमले. त्यांनीच स्वतःचे एक लाख घातले.

वाटेल त्या किमतीला द्या. गाडी नोव्हेंबरात मिळेल असं आत्ताच कुणाशी ठरवा. काहीही करा.

उझोमा

*

लागोस
११ जुलै २०१८

उझोमा वहिनी,

देव पावला. गिऱ्हाईक मिळालं.

माणूस जुन्या गाड्यांचा शौकीन, पैसेवाला, जरासा विक्षिप्त. गाडी बसलेली आहे, तारा कुरतडल्यात, सगळं सांगितलं. म्हणाला, "असू दे, मला तीच हवी." नोव्हेंबरपर्यंत थांबायला तयार आहे. विसार म्हणून पन्नास लाख दिले. तुमच्या नावाचा बँकेचा ड्राफ्ट ह्या पत्रासोबत आहे. हा गाडीचाच पैसा, तुमचा हक्काचा. कुणाचे उपकार नाहीत, कुणाची भीक नाही.

सिल्वानसला सांगितलंय, पाकीट फक्त तुमच्या हातात. आजच एनुगूला पाठवा. सहा ऑगस्टला अजून तीन आठवडे आहेत.

न्वाकाला म्हणावं, दिलीकाका म्हणतो, ऑपरेशननंतर बावीस पायऱ्या पळत चढून दाखव, मी खाली उभा राहून मोजतो.

दिली

*

उमुओजी
१९ जुलै २०१८

दिली भावजी,

पाकीट मिळालं. ड्राफ्ट मिळाला. त्या गृहस्थांचं देव भलं करो, तुमचंही. बाकी भेटीअंती.

उझोमा

*

लागोस
५ नोव्हेंबर २०१८

वहिनी,

ऑगस्टात पत्र टाकलं, उत्तर नाही. सप्टेंबरात टाकलं. सिल्वानसची त्या वाटेवरून दुसरीकडे बदली झाली, त्यामुळे ते पोचलं की नाही कळलं नाही. म्हटलं पोरीचं करण्यात तुम्हाला वेळ नसेल, ऑपरेशननंतरचे महिने तसेच असतात. माझ्या मेव्हणीचं झालं होतं, तीन महिने दिवसाला सहा गोळ्या.

आता वर्ष भरलं. काळं उतरलं असेल, फोनही मिळाला असेल, पण मला आता ह्या पत्रांचीच सवय झाली आहे. सध्या बसनं जातो-येतो, सकाळी दोन तास पिवळ्या बसमध्ये कोंबून. बायको म्हणते, तब्येत सुधारली.

महिनाअखेरीस ट्रक पाठवतो. आणि पोरगी कशी आहे ते आधी लिहा. किती पायऱ्या?

दिली

*

उमुओजी
२५ नोव्हेंबर २०१८

दिली भावजी,

तुमच्या ट्रकवाल्याच्याच हाती हे पत्र देते आहे. गाडी त्यानं साखळीनं ओढून चढवली. मझी दोन तास मागून ढकलत होते, सगळ्या कपड्यांना चिखल. खूप म्हातारे झालेत ते ह्या वर्षात.

न्वाकाएगो गेली. एकोणीस सप्टेंबरला, दुपारी, बहिणीच्या घरी. जिन्यावर नाही, खाटेवर. लहान मुलाला आमच्यात गाजावाजा करून पुरत नाहीत, म्हणून कुणाला कळवलं नाही. मला दुखवट्यातून उठून एनुगूला जायची परवानगी मिळाली, एका दिवसाची.

तुम्ही विचारलंय म्हणजे तुम्हाला वाटतं ऑपरेशन झालं. मीच तसं वाटू दिलं. जुलैत तुम्हाला चार ओळी लिहिल्या आणि खरं लिहायची लाज वाटली. घरची उणीदुणी बाहेर कशाला, म्हणून.

ड्राफ्ट हातात आला तेव्हा मी एकटीच होते. सरळ बहिणीकडे पाठवता आला असता. पाकिटावर पत्ताही घातला. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं. "हा गाडीचाच पैसा." आणि माझा हात थांबला. मी शपथ घेतली होती, गाडीचा पैसा लपवला तर ते पोटच्या पोरावर येवो. तुम्ही म्हणाल, विज्ञान शिकवणारी बाई. हो. झडप कशी उघडते-मिटते ते मी फळ्यावर काढून दाखवते. पण पोरीचे पाय सुजलेले असताना, तिच्याच जिवावर घेतलेली शपथ मोडून, त्याच पैशानं तिची छाती उघडायला लावायची, हे मला झेपलं नाही. वाटलं, टेबलावरच काही झालं तर मी जन्मभर म्हणेन, माझ्यामुळे.

म्हणून मी स्वतःच्या पायांनी मझींकडे गेले. म्हटलं, "गाडीचा विसार आलाय. मी लपवला नाही. आता तुम्हीच तो ऑपरेशनला द्या." मझी म्हणाले, "सचोटीची बाई आहेस. भावकी बसली की देऊ." भावकी बसली ती बारा ऑगस्टला. तोवर सर्जन परतीच्या वाटेला लागले होते. मग म्हणाले, आता फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे, आधी वर्षाचं कार्य. मांडव, गाय, पोतीभर तांदूळ, ह्यांच्या फोटोचे छापील कपडे. त्यात गेले पन्नास लाख. अठरा ऑक्टोबरला, हे गेले त्या तारखेला, सगळं गाव जेवलं. मीही जेवले. पोरीला जाऊन महिना झाला होता.

मला मझींवर ओरडता येत नाही. चोरी नाही केली त्यांनी, सगळ्यांसमोर खर्च केले. गाडीचे पैसे होते, भावकीचे होते.

एकच गोष्ट रात्रंदिवस कुरतडते. तुमचे वीस हजार मी ताठ्यानं परत पाठवले होते. तेव्हा ताठा परवडत होता. जुलैत तुम्ही नुसती एक ओळ लिहिली असती, "वहिनी, हे माझे आहेत," तर मी कुणाला विचारलंही नसतं. गावानं तोंडावर थुंकलं असतं तरी त्याच दिवशी पाठवले असते. परक्याचे, चोराचे, कुणाचेही घेतले असते मी. फक्त गाडीचे नको होते. पण तुमच्याकडे कुठून येणार होते पन्नास लाख? हा उगाच माझ्या मनाचा खेळ.

आता व्यवहाराचं. त्या गृहस्थांनी पाहिली नसेल इतकी वाईट अवस्था आहे गाडीची. त्यांना ती नको झाली तर मी समजू शकते. तुम्ही मिळेल त्या भावाला काढा, आणि आलेल्यातून आधी त्यांचे पन्नास लाख फेडा. मेलेल्या पोरीच्या आईनं कुणाचा विसार बुडवला असं व्हायला नको. मी आता मोकळी आहे, पुढच्या महिन्यात लागोसला येईन आणि हात जोडून त्यांना भेटेन. अनोळखी माणसानं आमच्यासाठी चार महिने दम धरला. त्यांचं नाव तुम्ही कधी लिहिलंच नाहीत. नाव कळवा.

उझोमा

*

लागोस
१४ डिसेंबर २०१८

उझोमा वहिनी,

तीन आठवडे रोज कागद घेतो आणि ठेवतो.

आधी गाडीचं. अख्खी कुणी घेतली नाही. ज्यानं पाहिली तो बॉनेट उघडून आत डोकावायचा आणि परत मिटायचा, मयताचं तोंड पाहिल्यासारखं. शेवटी सुटी केली. पुढचे दिवे, आसनं, दारं, मागची काच, इंजिनाची जी दोन-चार हाडं शाबूत होती ती. अबुजात, पोर्ट हारकोर्टात अशाच गाड्या घेऊन बसलेले लोक आहेत, त्यांना भाग हवेत, गाडी नको. एकूण एकाहत्तर लाख आले. सगळे तुमच्या नव्या खात्यात भरले आहेत, पावती सोबत आहे. त्यातून कुणाला काही फेडायचं नाही.

मार्चमध्ये तुम्ही विचारलं होतं, गाडी सडत नाही असं सांगणारा जाणता कोण. मी होतो. जिदे टोयोटा घ्यायलाच आला होता, दोन टोयोटा, भाड्यानं लावायला. त्या विकून माझ्या हाती काही लागत नव्हतं. काळ्या गाडीवर बारा लाख सुटत होते. मी म्हणालो, "नायरा पडतोय, सगळ्या गाड्या चढतायत, ही तर त्यांची राणी." त्यानं विचारलं, "उद्या पोरीसाठी विकावी लागली तर?" मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "घेतलीस त्याहून जास्तीला विकून देईन." तो मला मित्र समजत होता, आणि मी मित्रच होतो. विकताना मात्र विकणाराच असतो माणूस.

ते बारा लाख तसेच होते. जुलैत माझी टोयोटा विकली, कित्येक वर्षांपूर्वी घेतली त्याहून जास्तीला गेली, जिदेचं ते खुराडं. थोडे बायकोच्या भावाकडून घेतले.

विसाराचं पत्र लिहायच्या आधी मी एक कागद फाडला होता. त्यावर लिहिलं होतं, "वहिनी, हे माझे आहेत, पोरीसाठी घ्या." वाचून पाहिलं आणि वाटलं, तुम्ही परत पाठवाल, वीस हजारांसारखे. आणि पाठवले नाहीत तर विचाराल, इतके का देतो हा. मग मला सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून एक गिऱ्हाईक उभं केलं. उभं करता येतं मला. धंदाच आहे.

त्याला भेटायला या किंवा येऊ नका. हात मात्र जोडू नका. तुम्ही नाव विचारलंत, ते खाली लिहिलं आहे.

ओक्वुदिली